सीएचएच मिथिलीकरण मोजताना

वनस्पतींतल्या छोट्या आरएनएची लांबी कळली की अर्धं काम झालं. २१ न्यूक्लिओटाइडचे तुकडे बहुधा तयार झालेला संदेशवाहक आरएनए कापतात. २४चे तुकडे डीएनएवरच मिथाइल चढवायला लावतात, मग जनुक वाचलंच जात नाही. पॉल ४ हे एन्झाइम आरएनए लिहितं, आरडीआर२ त्याचा जोडधागा बनवतं, डीसीएल३ तो २४वर कापतं. एजीओ४ हे प्रथिन त्यातला एक धागा घेऊन पॉल ५ने लिहिलेल्या आरएनएला चिकटतं आणि डीआरएम२ तिथल्या सायटोसिनवर (सी) मिथाइल लावतं.

म्हणून जनुक बंद करायचं तर रोपात घालायचा हेअरपिन (दुमडून दुहेरी होणारा आरएनए) प्रमोटरच्या, म्हणजे जनुक चालू करणाऱ्या भागाच्या, क्रमाचा हवा. कोडिंग भागाचा घेतला तर मुख्यतः संदेशवाहक आरएनए कापला जातो, प्रमोटर तसाच राहतो. आरएनए काढताना साधा सिलिका कॉलम वापरू नका. २०० न्यूक्लिओटाइडच्या खालचं बरंचसं त्यातून वाहून जातं आणि नॉर्दर्न ब्लॉट (आरएनए शोधायची चाचणी) कोरा दिसतो.

खरी फसगत मिथाइल मोजायच्या बायसल्फाइट प्रक्रियेत होते. मिथाइल नसलेला सी तिथे टी म्हणून वाचला जातो. रूपांतर अपुरं झालं तर उरलेला प्रत्येक सी मिथाइलवाला वाटतो, आणि ही चूक नेमकी सीएचएचमध्ये भरते (सी आणि त्यापुढची दोन अक्षरं; एच म्हणजे जी सोडून कुठलंही अक्षर). अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या रोपात सीएचएच मिथिलीकरणाची जनुकसंचभर सरासरी जेमतेम १.७ टक्के. म्हणजे दोन टक्के सी न बदलता राहिले, तरी चूक खऱ्या आकड्याहून मोठी! हरितलवकाच्या डीएनएवर मिथाइल जवळपास नसतं, तेव्हा त्याच नमुन्यातला त्याचा एखादा तुकडा तपासा. तिथे सी दिसले, तर बाकीच्या आकड्यांवर विसंबू नका.

प्राइमरचंही (प्रती वाढवायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) तसंच. प्राण्यांसाठी बनवलेली साधनं मिथाइल फक्त सीजीत (सीपुढे जी) धरतात. वनस्पतीत ते कुठल्याही सीवर असू शकतं. सी शक्यतो टाळा, नाहीतर त्या जागी सी-टी मिश्रण ठेवा, उलट प्राइमरमध्ये जी-ए. नाहीतर मिथाइल नसलेल्याच प्रती वाढतात.

शेवटी पुढच्या पिढीतलं हेअरपिन नसलेलं रोप निवडून तेही तपासा. सीजीची खूण एमईटी१ हे एन्झाइम जुन्या धाग्यावरून उतरवून घेतं, म्हणून ती हेअरपिनशिवायही टिकू शकते. सीएचएचसमोर जोडधाग्यावर तशी जागाच नसते. आरएनए गेला की सीएचएचची खूण पुसट होत जाते. प्रमोटरमध्ये सीजी विरळ असेल, तर जनुक पुन्हा चालू झालेलं दिसेल.