तुम्ही विचारलंत म्हणून: शाळेत घातलं नाही तर चालतं का?

लग्नात, लिफ्टमध्ये, परवा तर दाताच्या डॉक्टरांनी लेकीच्या तोंडात आरसा घालून विचारलं, "कुठल्या शाळेत?" घरीच शिकते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "पण कायद्याने चालतं का हो हे?" दरवेळी अर्धवट उत्तर देऊन सुटते, म्हणून आता एकदाच लिहिते.

सरळ हो म्हणता येत नाही आणि नाहीही. आरटीई, म्हणजे 2009 चा शिक्षण हक्क कायदा, त्याचं दहावं कलम सांगतं की 6 ते 14 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य. गंमत अशी की नाही घातलं तर पालकांना दंड की आणखी काय, हे त्यात कुठेच नाही. दंड आहे तो मान्यता नसताना शाळा चालवणाऱ्याला, 1 लाखापर्यंत. त्यामुळे आपली पोरगी शिकवणं वेगळं आणि सोसायटीतली दहा पोरं जमवून फी घेऊन शाळा भरवणं वेगळं, तिकडे मी जात नाही. घटनेतल्या मूलभूत कर्तव्यांत मात्र याच वयाच्या मुलांना पालकांनी शिक्षणाची संधी द्यावी एवढंच आहे, शाळा हा शब्दच नाही. मी त्याला धरून बसलेय, वकील हसतील तर हसोत.

एकदा शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला एक बाई आल्या, भर उन्हात, हातात तक्ता. लेक आत अपूर्णांकांवरून रडत होती. बाई म्हणाल्या, "मॅडम, कारणांत माझ्याकडे स्थलांतर आहे, मजुरी आहे, घरकाम आहे, तुमचं कशात घालू?" पाणी प्यायल्या, खूप वेळ तक्त्याकडे बघत बसल्या आणि शेवटी "इतर"मध्ये टाकलं. मला त्यांचा दोष वाटला नाही, कागदावर आमची पोर आणि वीटभट्टीवरची पोर एकाच यादीत, आणि ती यादी खरं तर त्या दुसरीसाठी आहे.

खरा त्रास कागदांचा. बुद्धिबळाच्या स्पर्धेला बोनाफाईड मागतात, ते कोण देणार, मी? म्हणून जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड आणि दर महिन्याच्या तारीख घातलेल्या वह्या एका फाईलीत, कुणी मागितलं नाही तरी. दहावीला एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय, त्याला वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात. राज्य मंडळाची दहावी बाहेरून द्यायचा 17 नंबरचा फॉर्म पण आहे, पण तिथे शाळा सोडल्याचा दाखला मागतात आणि जी शाळेत गेलीच नाही तिने सोडायचं काय.

आणि हो, उद्या तिलाच शाळेत जावंसं वाटलं तर कलम 4 प्रमाणे वयाला साजेशा वर्गात तिला घ्यायलाच हवं, पहिलीपासून नाही. हा हक्क तिचा आहे, माझा नाही, म्हणून तिला सांगून ठेवलंय. तिने लगेच विचारलं, अपूर्णांक कितवीत संपतात.