कॉइल जळते तेव्हा दोष कुठे शोधावा

इलेक्ट्रॉनिक सिगारेट बंद पडली की लोकांची निदाने दोनच असतात: एक तर बॅटरी गेली, नाहीतर कॉइल, म्हणजे द्रव तापवून वाफ करणारी तार, जळाली. ही निदाने पुष्कळदा खरी असतात, तरीही ती अर्धीच असतात, कारण कॉइल आपणहून सहसा जळत नाही; तिला कोणीतरी जाळलेले असते. हा जाळणारा भाग सापडेपर्यंत नवीन कॉइल बसवण्यात अर्थ नसतो, कारण तीही त्याच वाटेने जाते.

भुसावळला माझे इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुरुस्तीचे टेबल आहे. तिथे रेडिओ, इन्व्हर्टरचे बोर्ड, फवारणी पंपांचे चार्जर येतात, आणि अधूनमधून परदेशातल्या नातेवाइकाने आणलेली किंवा कुठून तरी गुपचूप मिळवलेली अशी एखादी इलेक्ट्रॉनिक सिगारेटची दांडीही येते. आणणारा बहुधा तरुण असतो आणि आवाज खाली आणून विचारतो, “भाऊ, हाई जयी गयं का?” (ही जळून गेली का?) उत्तर देण्याआधी मी त्याला कायदा सांगतो. १८ सप्टेंबर २०१९ रोजी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी संसदेने कायदा केला. त्यानुसार इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण आणि जाहिरात यांवर देशभर बंदी आहे. साठवण सोडून बाकी गोष्टींच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड अशी तरतूद आहे. कायद्यातील उत्पादनाच्या व्याख्येत जुळणीही येते. त्यामुळे मी कॉइल गुंडाळून देत नाही, सुटे भाग ठेवत नाही आणि वस्तू चालू करून परत देत नाही. मोजमाप करून काय बिघडले आहे एवढे सांगतो. परदेशात राहणारे काही वाचकही हेच प्रश्न विचारतात, म्हणून ती मोजमापे इथे नीट लिहून ठेवतो आहे. लिथियम सेल आणि तापणारी तार यांची जोडी जिथे जिथे असते तिथे हा विचार कमीअधिक उपयोगी पडतो.

या वस्तूचे दोन भाग असतात. एक वीज देणारा, म्हणजे सेल, बोर्ड आणि बटण. दुसरा वाफ करणारा, म्हणजे ॲटोमायझर, ज्यात तारेची कॉइल, तिच्यातून गेलेली कापसाची वात आणि द्रवाची टाकी असते. होन लिक या चिनी औषधनिर्मात्याने २००३ मध्ये जे उपकरण तयार केले त्यात द्रवाचे तुषार करण्यासाठी तापणारी तार नव्हती, वीज मिळताच अतिशय वेगाने थरथरणारा पिझो घटक होता. ती रचना मागे पडली आणि तापणारी तार टिकली. तिच्याबरोबर जळण्याचा प्रश्नही आला. सुटे होणाऱ्या बहुतेक दांड्यांमध्ये हे दोन भाग ‘५१०’ नावाच्या आट्यांनी जोडलेले असतात: बाहेरचे आटे ऋण आणि मधली पिन धन. तक्रारींचा मोठा वाटा या एका सांध्यातच अडकलेला असतो. ॲटोमायझर जोर लावून आवळला की मधली पिन हळूहळू आत दबते आणि मग तिचा स्पर्शच होत नाही. टाकीतून झिरपलेला द्रव तिथे साचून चिकट थर तयार होतो, तो वेगळाच त्रास. पडद्यावर ‘ॲटोमायझर नाही’ असे दिसले की लोक कॉइल फेकून देतात. प्रत्यक्षात आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने सांधा पुसणे आणि सेल काढून पिन केसभर वर उचलणे एवढ्यानेच काम भागते.

आता मोजमाप. पहिली गोष्ट म्हणजे मल्टिमीटरच्या बीपवर विसंबू नये. काही दशक ओहमपर्यंतचा कोणताही रोध (प्रवाहाला होणारा अडथळा, तो ओहममध्ये मोजतात) असला तरी मीटर बीप देतो. कॉइल असते एक-दोन ओहमची किंवा त्याहून कमी. त्यामुळे चांगली कॉइल आणि शॉर्ट झालेली कॉइल दोन्ही सारख्याच उत्साहाने वाजतात. मीटर ओहमवर ठेवावा, आधी दोन्ही टोके एकमेकांना लावून वायरींचा स्वतःचा रोध वाचावा आणि तो नंतरच्या आकड्यातून वजा करावा. वायरींचाच रोध ०.२ ओहम असेल आणि कॉइल ०.५ ओहमची असेल, तर ही वजाबाकी न करणाऱ्याचे सगळे निदानच चुकते.

मीटरने अनंत रोध दाखवला तर तार तुटली आहे, आणि ती बहुधा पायाशी, जिथे ती दाबून बसवलेली असते तिथे तुटते. आकडा शून्याजवळ आला तर वेढ्यांचे पाय एकमेकांना किंवा धातूच्या कवचाला टेकले आहेत, किंवा पिनेभोवतीचे विद्युतरोधक कडे वितळले आहे. पण माझ्याकडे येणाऱ्या ‘जळालेल्या’ कॉइलींपैकी बऱ्याच जणींचा रोध छापलेल्या आकड्याइतकाच भरतो. म्हणजे तार ठणठणीत असते. जळालेला असतो तो कापूस. यात नवल नाही. लोह, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमच्या ज्या कॅन्थल मिश्रधातूची तार यात वापरतात तो सुमारे १५०० अंश सेल्सियसला वितळतो, तर कापूस त्याच्या कितीतरी आधी, २००–३०० अंशांच्या आसपासच करपू लागतो. द्रवातल्या प्रोपिलिन ग्लायकॉलचा उत्कलनबिंदू सुमारे १८८ अंश आणि ग्लिसरीनचा २९०. वात ओली आहे तोवर उष्णता वाफ करण्यात खर्च होते आणि तापमान आवाक्यात राहते. तेल संपलेल्या समईत वातच जळते, तोच प्रकार इथे घडतो. मग मागे राहिलेल्या ग्लिसरीनचे विघटन होऊन ॲक्रोलिन आणि फॉर्माल्डिहाइडसारखे घशाला आणि फुप्फुसाला घातक पदार्थ तयार होतात. करपलेली चव आल्यावरही ‘थोडे ओढून बघू, सुटेल’ म्हणणाऱ्यांना मी हे जरा कडक शब्दांतच सांगतो. करपलेला कापूस पुन्हा शुद्ध होत नाही.

मग वात कोरडी का पडते? टाकी रिकामी असणे हे सरळ कारण झाले. नवीन कॉइल बसवल्यावर कापूस पूर्ण भिजण्याआधीच बटण दाबणे हे दुसरे. तिसरे कारण आपल्याकडच्या हवामानाशी जोडलेले आहे. ग्लिसरीन थंडीत घट्ट होते; डिसेंबर-जानेवारीत जळगाव-धुळ्याकडे पहाटेचा पारा दहा अंशांच्या खाली उतरतो तेव्हा जाड द्रव वातीत वेळेवर चढत नाही आणि कॉइल करपते. उन्हाळ्यात उलटे होते. द्रव पातळ होऊन झिरपतो, कॉइल बुडते, गुडगुड आवाज येतो आणि तोच द्रव खाली उतरून ५१० च्या सांध्यात किंवा थेट बोर्डात शिरतो. म्हणजे हिवाळ्यात ॲटोमायझर मरतो आणि उन्हाळ्यात बॅटरीचा भाग. द्रव तोच, फक्त ऋतू बदललेला असतो.

चौथे कारण म्हणजे न जुळणारी वीज, आणि इथे ओहमचा नियम टाळून चालत नाही. १.८ ओहमच्या कॉइलला ३.७ व्होल्ट दिले तर सुमारे दोन ॲम्पिअर प्रवाह वाहतो आणि साधारण ७.६ वॅट उष्णता होते. व्होल्टेज बदलता येणाऱ्या दांडीवर तीच कॉइल कोणी ४.८ व्होल्टवर ठेवली तर हा आकडा १२.८ वॅटवर जातो, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. छोट्या वातीला तेवढा द्रव ओढणे झेपत नाही. उलट, ०.५ ओहमची कॉइल पूर्ण भरलेल्या ४.२ व्होल्टच्या सेलवर लावली तर ८.४ ॲम्पिअर लागतात, आणि ६५० मिलीॲम्पिअर-तासांच्या सडपातळ बॅटरीकडून ते मागणे हा तिच्यावर अन्याय आहे. बोर्ड शहाणा असेल तर तो वीज तोडतो, दिवा लुकलुकतो आणि माणूस म्हणतो की बॅटरी खराब झाली. तापमान-नियंत्रणाचा पर्याय असलेल्या दांड्यांत आणखी एक गोंधळ होतो. तो पर्याय निकेल, टायटॅनियम किंवा स्टेनलेस स्टीलच्या तारेसाठी असतो, कारण तापल्यावर त्यांचा रोध मोजता येण्याइतका वाढतो. कॅन्थलचा रोध जवळजवळ बदलत नाही, त्यामुळे बोर्डाला काही कळतच नाही.

खरा धोका मात्र वीज देणाऱ्या भागातल्या एका बारीक घटकात असतो. बटण दाबल्यावर कॉइलकडे प्रवाह सोडण्याचे काम मॉस्फेट नावाचा ट्रान्झिस्टर करतो, आणि हा घटक बिघडतो तेव्हा बऱ्याचदा उघडा राहण्याऐवजी शॉर्ट होतो. म्हणजे बटण न दाबताही कॉइल सतत तापत राहते: कापूस जळतो, तार लाल होते आणि खिशातली दांडी हाताला चटका देते. अशा दांडीवर नवीन कॉइल बसवली की काही क्षणांत तीही करपते आणि दोष ‘डुप्लिकेट कॉइल’ला दिला जातो. ओळखण्याची रीत सोपी आहे. ॲटोमायझर काढावा, बटणाला हात न लावता ५१० ची पिन आणि आटे यांमधले व्होल्टेज मोजावे. डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध फार मोठा असल्याने किरकोळ गळतीही तो खऱ्या व्होल्टेजसारखी दाखवतो, म्हणून सोबत दहा ओहम, पाच वॅटचा रेझिस्टर जोडून मग वाचावे. रेझिस्टर लावल्यावरही सेलचे जवळजवळ पूर्ण व्होल्टेज तसेच राहिले, तर मॉस्फेट गेला आहे किंवा बटण आत चिकटले आहे. बटणाभोवती वाळलेला द्रव दिसला तर आधी बटणावर संशय घ्यावा. बटण नसलेल्या, ओढताच चालू होणाऱ्या दांड्यांत याची जागा हवेचा दाब ओळखणारा छोटा सेन्सर घेतो. त्यात द्रव शिरला की वस्तू आपोआप पेटू लागते.

सेलची परीक्षाही भाराखालीच करावी. नुसता मोजला तर थकलेला सेलही ४ व्होल्ट दाखवतो. कॉइल जोडून बटण दाबताच तो ३.२ च्या खाली घसरतो आणि बोर्ड बंद होतो. वाढलेल्या अंतर्गत रोधाची ही खूण आहे, आणि ती चार्जिंगने जात नाही. २.५ व्होल्टच्या खाली गेलेला लिथियम सेल दुसऱ्या बॅटरीचा ‘धक्का’ देऊन जागा करण्याची जी रीत मोबाइलच्या बाजारात चालते ती मला मान्य नाही. खोलवर रिकाम्या झालेल्या सेलमध्ये तांबे विरघळून पुढे आतल्या आत शॉर्ट होऊ शकते.

आपल्या उन्हाळ्याचा मुद्दा इथे पुन्हा येतो, आणि तो परदेशी माहितीपत्रकात सापडत नाही. लिथियम-आयन सेल चार्ज करण्याची नेहमीची कमाल मर्यादा ४५ अंश सेल्सियस असते. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा सावलीतच या आकड्याला टेकतो. पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या मोटारसायकलच्या डिकीत तो किती वर जात असेल याचा अंदाज कोणीही करू शकतो. दुपारी अशा जागी चार्जिंगला लावलेला सेल फुगला तर दोष चार्जरवर ढकलणे सोपे असते. पॉवर बँक, ब्लूटूथ स्पीकर, बॅटरीचा पंखा, सगळ्यांना हे लागू आहे. चार्जिंग पहाटे किंवा रात्री करावे आणि वस्तू तापलेली असेल तर आधी निवू द्यावी.

अलीकडे एक नवा उद्योग पाहतो आहे. वापरून फेकायच्या दांड्या फोडून त्यांतले सेल काढायचे आणि घरगुती पॉवर बँक किंवा टॉर्च बनवायची. मुलांच्या हाताला कौशल्य आहे, याचे मला कौतुकच वाटते. पण या सेलना बहुधा स्वतःचे संरक्षक बोर्ड नसते, ते वस्तूच्या बोर्डावर अवलंबून असतात, आणि ते बोर्ड फोडताना फेकून दिलेले असते. पातळ ॲल्युमिनियमच्या पाकिटातला सेल स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने टोचला गेला तर आग लागायला चार्जिंगचीही गरज नसते. प्लास्टिकचे वेष्टन फाटलेला १८६५० नावाचा दंडगोल सेल किल्ल्या आणि नाण्यांबरोबर खिशात टाकणे हाही त्याच जातीचा प्रकार. वेष्टनाखालचे सगळे कवच ऋण टोक असते आणि धनाच्या बटणापासून ते अगदी थोड्या अंतरावर असते.

निकामी झालेली दांडी किंवा सेल घंटागाडीत टाकू नये. कचऱ्याच्या गाडीत दाबला गेलेला लिथियम सेल पेट घेऊ शकतो. सेल वेगळा होत असेल तर दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी, वेगळा होत नसेल तर फोडत बसू नये, आणि ती वस्तू ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत संकलकाकडे द्यावी. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. माझ्याकडे असा फुगलेला सेल आला तर तो मी दुकानात आत घेत नाही. बाहेर कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायला सांगतो आणि आणणाऱ्यानेच तो सुपूर्द करावा, असा आग्रह धरतो.