समीकरणातले साहा, लोकसभेतले साहा

१६ फेब्रुवारी, रात्री साडेदहा

पंचांगात आजच्या तारखेसमोर राष्ट्रीय सौर दिनांक दिलाय, २७ माघ. लहानपणी आकाशवाणीची सकाळची सभा सुरू होताना निवेदक इंग्रजी तारखेपाठोपाठ "भारतीय सौर" म्हणून हीच तारीख सांगायचे. आई तोवर चहाला लागलेली असायची आणि आम्ही फक्त घड्याळ लावून घ्यायचो. ही दुसरी तारीख कुणी, कशासाठी बसवली, हे त्या घरात कुणी कुणाला विचारलं नाही.

ती बसवणाऱ्या समितीचे अध्यक्ष, भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा १९५६ साली आजच्याच दिवशी दिल्लीत गेले. राष्ट्रपती भवनात तेव्हा नियोजन आयोगाचं कार्यालय होतं. तिकडे जातानाच हृदयविकाराचा झटका आला. वय ६२. त्या वेळी ते लोकसभेचे सदस्य होते.

योगायोग असा, की आजच एम.एस्सी.च्या वर्गावर साहा समीकरण होतं. ताऱ्याच्या वातावरणात अमुक तापमानाला आणि अमुक दाबाला किती अणूंचे इलेक्ट्रॉन सुटे झालेले असतील, याचा हिशेब. त्यांचं १९२० सालचं काम. ताऱ्यांचे वर्णपट, म्हणजे त्यांच्या प्रकाशाचे रंगवार पट्टे, तोवर नुसते वर्गवारी करून ठेवलेले होते. या समीकरणानं त्यांतून तापमान वाचता येऊ लागलं. मांडणी संपवून मी खडू खाली ठेवला, तर मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, पुढे काय केलं त्यांनी?"

हा प्रश्न मला पूर्वीही आला आहे. दरवेळी मी "अलाहाबादला आणि कोलकात्याला प्राध्यापक होते, संस्था उभारली" एवढं सांगून पुढच्या गणिताला लागायचे. खोटं नव्हतं ते, पण अर्धंच होतं. गेले काही महिने मी पहिल्या लोकसभेची जुनी इतिवृत्तं वाचतेय, म्हणून आज उरलेलं अर्धं सांगितलं. गणित राहिलं. त्याचं वाईट वाटत नाही.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत साहा वायव्य कोलकात्यातून अपक्ष म्हणून उभे राहिले. डाव्यांचा पाठिंबा होता, समोर काँग्रेस होती, आणि ते निवडून आले. जगभर नाव झालेला, साठीला टेकलेला माणूस हे कशाला करतो? मला वाटतं, त्याचं उत्तर त्यांच्या लहानपणात आहे. ढाक्याजवळच्या शेवरातली गावात वडिलांचं छोटं दुकान. जात खालची मानलेली. पुढच्या शाळेसाठी दुसऱ्या गावी एका डॉक्टरांच्या घरी राहिले, तेव्हा जेवणाचं ताट स्वतःच घासून वेगळं ठेवायचं, ही अट. १९०५ साली ब्रिटिश लेफ्टनंट गव्हर्नर फुलर यांच्या भेटीवर विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला, त्यात भाग घेतला म्हणून शाळेतून काढलं आणि शिष्यवृत्तीही गेली. कोलकात्याच्या वसतिगृहातही जातीनं पाठ सोडली नाही. ज्याला ताट वेगळं ठेवावं लागलं, त्याला शिक्षणावरचा खर्च हा अर्थसंकल्पातला नुसता एक आकडा वाटणं शक्य नव्हतं. राधाकृष्णन यांच्या विद्यापीठ शिक्षण आयोगावर ते सदस्य होते, आणि संसदेत विद्यापीठांबद्दल बोलताना ती कळकळ लपत नाही.

पुरांचंही तसंच. बंगालातले पूर त्यांनी मदतकार्यात उतरून पाहिले होते. १९४३ ला दामोदर नदीनं हाहाकार केला, तेव्हा त्यांनी आपल्या 'सायन्स अँड कल्चर' मासिकातून नदीखोऱ्याच्या एकत्रित नियोजनाची मागणी लावून धरली. १९४८ साली दामोदर खोरे महामंडळ झालं, त्यामागे त्यांच्या लेखणीचा मोठा वाटा आहे. म्हणजे लोकसभेत धरणांवर बोलायला हा माणूस उभा राहायचा, तेव्हा त्याला सचिवांनी लिहून दिलेल्या टिपणाची गरज नसायची.

या सगळ्यात मी सर्वांत जास्त रेंगाळले ते १० मे १९५४ च्या चर्चेपाशी. विषय होता अणुशक्तीचा शांततेसाठी उपयोग. अणुशक्ती आयोग १९४८ च्या कायद्यानं आलेला, आणि त्या कायद्यानं कामाभोवती गुप्ततेची भिंत उभी केलेली. खातं खुद्द पंतप्रधानांकडे. सभागृहातल्या किती जणांना युरेनियम आणि थोरियम यांतला फरक सांगता आला असता? प्रश्न विचारायला आधी विषय कळावा लागतो. साहांना तो कळत होता. कोलकात्यात त्यांनी उभारलेल्या अणुकेंद्रीय भौतिकी संस्थेचं उद्घाटन १९५० साली फ्रेंच शास्त्रज्ञ इरेन जोलियो-क्यूरी यांनी केलं होतं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हा गुप्ततेचा कायदा रद्द करा. आधी माणसं तयार करा, विद्यापीठांतून संशोधनाचा पाया रुंद करा, कारखानदारी उभी करा. दार बंद करून चार जणांनी केलेलं विज्ञान देशात रुजत नाही.

हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. आम्ही प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी पोरांना हेच सांगतो ना, की वहीत खाडाखोड केली तरी चालेल, पण ती दिसली पाहिजे. साहांनी तीच शिस्त सरकारला लावली. समोर उत्तर द्यायला नेहरू, म्हणजे ज्यांनी काँग्रेसच्या राष्ट्रीय नियोजन समितीचं अध्यक्षपद घ्यावं म्हणून याच साहांनी १९३८ मध्ये रवींद्रनाथांमार्फत गळ घातली होती, तेच. सोळा वर्षांत दोघं समोरासमोरच्या बाकांवर आले.

काहींचं म्हणणं, अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष होमी भाभांना झुकतं माप मिळालं, त्याचा सल या भाषणांत आहे. असेलही. माणूस होते ते, आणि त्यांची संस्था मागे पडल्याचं दुःख त्यांना होतंच. पण सल मनात असला म्हणून प्रश्न चुकीचा ठरत नाही. साहांना हवं ते झालं नाही, ही गोष्ट वेगळी. त्याच वर्षी ३ ऑगस्टला अणुऊर्जा विभाग स्थापन झाला तो थेट पंतप्रधानांच्या हाताखाली, आणि पुढे १९६२ च्या नव्या कायद्यातही गुप्तता राहिलीच.

निर्वासितांवर ते वारंवार बोलले. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली माणसं कोलकात्यात उघड्यावर राहत होती आणि ते स्वतः त्याच मातीतले. इथं त्यांचा सूर बदलतो. वैज्ञानिक मागे सरतो आणि गाव सुटलेला माणूस बोलायला लागतो.

सगळं मला पटतं असं नाही. मोठ्या धरणांवरचा त्यांचा विश्वास आज वाचताना टोचतो. आमच्याकडे कोयनेच्या पाण्याखाली गेलेली गावं आहेत आणि पुनर्वसनासाठी पिढ्यान् पिढ्या खेटे घालणारी माणसं आहेत. निर्वासितांचं दुःख ज्याला इतकं जवळून कळलं, त्यानं धरणानं उठवलेल्या माणसांचाही हिशेब त्याच पोटतिडकीनं मांडायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं. चरखा आणि बैलगाडी यांवर देश उभा राहणार नाही, विजेचा दरडोई वापर वाढल्याशिवाय दारिद्र्य हटणार नाही, हे त्यांचं पालुपद. यातली वीज मला मान्य आहे.

आणि मग ते पंचांग. १९५२ च्या अखेरीस समिती नेमली गेली. त्या वेळी देशात तीसेक वेगवेगळी पंचांगं चालू होती. समितीत नागपूरचे के. ल. दप्तरी होते आणि 'केसरी'चे माजी संपादक ज. स. करंदीकरही. म्हणजे आपली माणसंही त्या टेबलाभोवती होती! मी आज वर्गात संक्रांतीचंच उदाहरण घेतलं. उत्तरायण खरोखर सुरू होतं २२ डिसेंबरच्या सुमारास, आणि आपण तिळगूळ वाटतो १४ जानेवारीला. जुन्या गणितातलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा दिवसाच्या साठाव्या भागाएवढं मोठं आहे. चौदाशे वर्षांत ती चूक साचत साचत तेवीस दिवसांची झाली. फळ्यावर ०.०१६५६ गुणिले १४०० लिहिलं, तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. कुणीतरी हळूच म्हणालं, "म्हणजे अजून सरकतेय."

हो, अजून सरकतेय. समितीनं १९५५ मध्ये अहवाल दिला आणि २२ मार्च १९५७ ला, १ चैत्र १८७९ म्हणून, नवी दिनदर्शिका सुरू झाली. साहांना जाऊन तेव्हा वर्ष उलटलं होतं. राजपत्रावर ती तारीख आली. सण मात्र जुन्याच गणितावर राहिले, कारण सणांना हात लावायची कुणाची छाती नव्हती.

तास संपल्यावर ती मुलगी टेबलापाशी आली. तिला समीकरणाची सिद्धता नको होती, १९५४ च्या चर्चेची तारीख हवी होती. मी तिच्या वहीत "१० मे १९५४, लोकसभा" लिहून दिलं. तिनं त्याखाली आजची तारीख घातली, आणि मला विचारून शेजारी २७ माघ.