जळकं तेल जातं कुठे?

दिवाळी तोंडावर आली की आमच्याकडे, म्हणजे अन्न व औषध प्रशासनात, फराळाच्या तपासण्यांचा सपाटा सुरू होतो. त्या दिवशी यादीत ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला एक फरसाण कारखाना होता. फरशी कोरडी, कारागिरांच्या डोक्याला टोप्या, चौदा अंकी परवाना क्रमांक दर्शनी भागात. अशा चकचकीत ठिकाणी मी मुद्दाम जास्त रेंगाळते. बरोबरचे लोक वैतागतात.

चकलीचा घाणा निघाला तसा मी मीटर कढईत बुडवला. तेलातल्या एकूण ध्रुवीय संयुगांची, म्हणजे तेल बिघडताना तयार होणाऱ्या घटकांची, टक्केवारी त्यावर दिसते. तेल पुन्हापुन्हा तापलं की ती चढते. १ जुलै २०१८ पासून मर्यादा २५ टक्क्यांची आहे. इथे आकडा आला १६. शेठ खूश. "मॅडम, आमच्याकडे तेल रोज बदलतं."

बदलतं, ठीक. मग उतरलेलं जातं कुठे? तळणीला रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल लागत असेल, तर त्याची नोंद ठेवायची आणि जळकं तेल अधिकृत संकलकालाच द्यायचं, हा नियम मार्च २०१९ पासूनचा. वही आली. महिनाभराच्या नोंदी, अक्षर सुबक, शाई एकच, सगळं एका बैठकीत उतरवलेलं. पावत्या मागितल्या तर म्हणे सीएकडे आहेत.

तेवढ्यात मागच्या दाराने एक पोरगा दोन रिकामे कॅन घेऊन आला. "शेठ, कालचं काढून ठेवलंय ना? गाडी लावायचीय." शेठ डोळ्यांनी खुणावत होते, पण त्याचं लक्ष डब्यांकडे.

त्याच्यासोबत आम्ही किसननगरला गेलो. वड्याची गाडी त्याच्या आईची. कढईतलं तेल काकवीसारखं काळं, फेस बसता बसेना. मीटर म्हणाला ३४.

"मावशी, केवढ्याला घेता हे?"

"नव्याच्या निम्म्याने, ताई. वरून थोडं नवीन घालते की!"

हे वरून घालणं सगळीकडे चालतं. जुन्यात पडलेलं नवीनही लवकर बिघडतं, एवढंच.

नमुना घ्यायचा तर साक्षीदार हवा. मघाशी वडापाव खात उभी असलेली माणसं सही म्हटल्यावर पांगली. शेवटी एक रिक्षावाले काका तयार झाले. चार भाग करून सील केले: एक अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडे म्हणजे आमच्या वरिष्ठांकडे, चौथा मावशींनी मागणी केली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेसाठी. अहवाल यायला चौदा दिवस. कढई मात्र तिथल्या तिथे उतरवली.

गाडीवर कारवाई करणं सोपं असतं, फोटोही छान येतो. पण दोष निम्म्याहून अधिक कारखान्याचा, असं माझं मत, आणि तपासणी अहवालात मी तेच मांडलं. कारखान्याला अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ३२ची सुधारणा नोटीस गेली: संकलकाशी करार, पावत्या, रोजची नोंद. निघताना शेठनी फराळाचा डबा पुढे केला, तो तिथेच राहिला.

नंतर पावत्या खऱ्या यायला लागल्या. मावशी आता दुकानातून सीलबंद तेल घेतात. पुढच्या खेपेला मीटर २१वर थांबला. वडापाव मात्र दोन रुपयांनी महागला, आणि त्याबद्दल गाडीवरच्या गिऱ्हाइकांनी मलाच सुनावलं.