खारबांधाचं विधेयक आमदारांपर्यंत पोचवताना: माझा अनुभव

विधेयक म्हणजे सरकारच आणतं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये. मंत्री नसलेला कुठलाही आमदार, मग तो सत्तेतला असो नाहीतर विरोधातला, स्वतःच्या नावावर विधेयक मांडू शकतो, त्याला अशासकीय विधेयक म्हणतात. आणि त्याचा मसुदा तुम्ही आम्ही लिहून आमदाराच्या हातात दिला तर त्याला कुठलाही नियम आडवा येत नाही. आम्ही तो दिला. विधिमंडळात काय काय अडेल याची मला धास्ती होती, अडलं मात्र एका संपर्क कार्यालयात, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही म्हणून हे सगळं लिहून काढतेय.

आमचं गाव रायगड जिल्ह्यातल्या खारेपाटात, धरमतर खाडीच्या बाजूला. इथली भातशेती भरतीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे, बाहेरकाठा म्हणजे खाडीकडचा बाहेरचा बांध, तो शाबूत तोवर शेत, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडली की खारं पाणी सरळ आत. पहिल्या एक-दोन दिवसात बुजवली तर गावातल्या चार माणसांचं काम, पण तशीच राहिली तर प्रत्येक भरती-ओहोटीला कडा ढासळत जातात आणि बघता बघता तिथून होडी जाईल एवढी रुंद होते. जमीन खारवली की पुढचे दोन-तीन पावसाळे धुऊन निघेपर्यंत भात धड येत नाही. त्याहून वाईट म्हणजे पाणी आत खेळत राहिलं की तिवरं उगवतात, आणि एकदा तिवरं आली की कांदळवन म्हणून त्याला हात लावता येत नाही. सातबाऱ्यावर भात आणि जागेवर तिवरं, अशी किती शेतं दाखवू तुम्हाला.

आम्हाला कायद्यात एक साधी गोष्ट लिहून हवी होती. खांड पडल्याची लेखी खबर दिल्यावर ती तात्पुरती बुजवायची मुदत ठरलेली असावी, बांध सरकारी योजनेतला असो की खाजगी, आणि मुदत पाळली नाही तर जबाबदार कोण तेही त्याच कलमात असावं. म्हणजे 1979 च्या खारजमीन विकास कायद्यात दुरुस्ती. मसुदा लिहायला पेणच्या एका वकील मैत्रिणीने मदत केली, कायद्याची प्रत चर्नी रोडच्या सरकारी पुस्तक भांडारातून आणली, विधानमंडळाच्या वेबसाइटवर जुनी विधेयकं पीडीएफमध्ये असतात ती डाउनलोड करून त्यांचा साचा बघितला. हा भाग मजेत झाला, त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एवढं लक्षात ठेवा की विधेयकात कलम लिहीत नाहीत, खंड लिहितात, आणि शेवटी उद्देश व कारणे यांचे निवेदन लागतंच. ते नीट लिहा, बहुतेक आमदार आधी तेच पान वाचतात.

आणखी एक, सगळ्यात आधी घटनेची सातवी अनुसूची उघडून बघा, कुठल्या विषयावर केंद्राने कायदा करायचा आणि कुठल्या विषयावर राज्याने, याच्या याद्या त्यात आहेत. तुमचा विषय राज्यसूचीत किंवा समवर्ती सूचीत नसेल तर पुढची मेहनत वाया. आमचा होता, राज्यसूचीतल्या 17 क्रमांकाच्या नोंदीत पाणी, सिंचन, कालवे, जलनिस्सारण आणि बांध असं स्पष्ट आहे. तिवरांबद्दलचा खंड मात्र मैत्रिणीने काढायला लावला, कारण पर्यावरण संरक्षणाचा कायदा 1986 चा, केंद्राचा, त्यात राज्याचं अशासकीय विधेयक शिरलं की पहिल्याच वाचनात कुणीतरी बोट ठेवणार. गावात यावरून खूप बोलाचाली झाली, पण ती बरोबर होती.

आता ते कार्यालय. आमदारांचं नाव, पक्ष, गाव काही लिहीत नाही. भिंतीला लोखंडी रॅक, त्यात गावागावांच्या नावाच्या फायली, टेबलावर शाळा प्रवेशाच्या शिफारशी, मुंबईच्या हॉस्पिटलात बेड मिळावा म्हणून आलेले अर्ज, लग्नपत्रिकांचा गठ्ठा. लोकांच्या गरजेच्याच गोष्टी आहेत त्या, त्याला माझी ना नाही. पण कायदा करणं हे ज्या माणसाचं पहिलं काम त्याच्या कार्यालयात विधेयकाचा कागद ठेवायला एक कप्पा असू नये? पीए म्हणाला, "ताई, ठेवून जा, साहेबांच्या कानावर घालतो." मी पोच मागितली तर म्हणे, "पोच कशाला ताई, आपलंच ऑफिस आहे." मी पोच घेतल्याशिवाय उठलेच नाही. शेवटी त्याने झेरॉक्सच्या कोपऱ्यात सही करून शिक्का मारला. तो कागद पुढे फार कामाला आला, म्हणून सांगते, कुठल्याही लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात कितीही आपलेपणा दाखवला तरी तारखेची पोच घ्या.

मग फोन केला की साहेब दौऱ्यावर. अधिवेशन सुरू झालं की साहेब अधिवेशनात. अधिवेशन संपलं की साहेब जरा आराम करतायत. मध्येच म्हणाले पीडीएफ पाठवा, मग म्हणाले वर्डमध्ये पाठवा, मग म्हणाले फॉन्ट उघडत नाही, मराठी सगळं चौकोन चौकोन दिसतंय. आम्ही युनिकोडमध्ये टाइप केलं होतं, त्यांच्या कॉम्प्युटरवर कुठला जमाना चालू होता देव जाणे, पुन्हा सगळं त्यांच्या फॉन्टमध्ये बसवून दिलं. आणि इकडे खांड रोज दोन वेळा पाणी घेत होती.

आणि एक दिवस घरी सरकारी लिफाफा आला. उघडला तर आत आमचाच मसुदा. त्याला आमदारांच्या लेटरहेडवरचं पत्र जोडलेलं, सोबतचे निवेदन उचित कार्यवाहीस्तव पाठविण्यात येत आहे. आणि त्याच्या मागे एका कार्यालयाचं उत्तर, की सदर बांधाच्या दुरुस्तीचा प्रस्ताव निधीच्या उपलब्धतेनुसार विचारात घेण्यात येईल. म्हणजे वर ठळक अक्षरात विधेयक लिहिलंय, खाली खंड एक खंड दोन असे आकडे घातलेत, शेवटी उद्देश व कारणे आहेत, आणि तो कागद विधानमंडळ सचिवालयात जायच्या ऐवजी बांध दुरुस्त करून द्या म्हणून अर्ज समजून दुसऱ्याच ऑफिसात फिरून आला! कुणीही पहिली ओळ वाचली असती तरी कळलं असतं. तिथून पत्र टाइप झालं, सही झाली, जावक क्रमांक पडला, तिकडे आवक क्रमांक पडला, उत्तर तयार झालं, एवढ्या सगळ्या हातांतून गेलं आणि एकानेही वाचलं नाही. मी ओट्याशी उभी राहून ते पत्र तीनदा वाचलं, हात थरथरत होते.

तो लिफाफा घेऊन परत कार्यालयात गेले. पीएला सांगितलं, भाऊ, हे कुठल्या खात्याला पाठवायचं नाहीये, साहेबांनी विधानसभेचे सदस्य म्हणून स्वतः सही करून याची सूचना सचिवालयात द्यायची आहे. तर तो मला समजावायला लागला की "ताई, साहेब तारांकित प्रश्न टाकतात, लक्षवेधी लावतात, तेवढ्यात काम होतं, अशासकीय विधेयकं पास होत नसतात." आता हे अर्धं खरं आहे. संसदेत स्वातंत्र्यानंतर आजपर्यंत 14 च अशासकीय विधेयकं कायदा झाली, शेवटचं 1970 साली. पण तारांकित प्रश्नाला मंत्री उत्तर देतात, लक्षवेधीवर निवेदन करतात, त्याने कायद्यातला एक शब्द हलत नाही. विधेयक मांडलं की आमची मागणी कायद्याच्या भाषेत छापून सभागृहाच्या रेकॉर्डवर येते, चर्चा लागली की सरकारला त्यावर होय किंवा नाही म्हणावं लागतं, आणि उद्या सरकारलाच दुरुस्ती करायची झाली तर लिहिलेला मजकूर समोर तयार असतो.

आणि हे मी खारेपाटातून सांगतेय हे विसरू नका. अलिबागजवळच्या चरी गावच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांबरोबर 1933 पासून सहा वर्षं जमीन न कसता संप केला तो इथलाच. तो संप चालू असतानाच 17 सप्टेंबर 1937 ला बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती, म्हणजे कोकणातली जमीनदारी पद्धत, नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, ते सरकारात नव्हते, ते अशासकीयच विधेयक होतं. त्यासाठी 10 जानेवारी 1938 ला कोकणातले शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेले. ते विधेयक काही तेव्हा पास झालं नाही. खोती गेली 1949 च्या कायद्याने. माझ्या आज्याची पिढी त्या जमिनीची मालक झाली ती त्यानंतर. मला कुणी पास होत नसतात म्हणून सांगू नये.

हे सगळं त्या पीएला मी ऐकवलं. तो म्हणाला, "बरोबर आहे ताई, बघतो." पुढे एका भूमिपूजनाला आमदार स्वतः भेटले, मंडपातच गाठलं, विधेयकाचं विचारलं, तर म्हणाले, "कुठलं विधेयक? माझ्यापर्यंत आलंच नाही." पोचेचा कागद दाखवला. पीएकडे बघितलं, पीएने मान खाली घातली, आणि विषय पाणी घालून संपला. थोड्याच दिवसांत आचारसंहिता लागली.

मग आम्ही विधान परिषदेकडे वळलो, आणि तुम्हीही आधीपासूनच हा रस्ता डोक्यात ठेवा. विधानसभेत 288 आमदार, परिषदेत 78, त्यात पदवीधर, शिक्षक, स्थानिक स्वराज्य संस्था, राज्यपाल नियुक्त असे वेगवेगळे असतात. विधेयक मांडायला तो आमदार तुमच्याच मतदारसंघातला हवा असं काही नाही. आणि एक मोठा फायदा आहे जो आम्हाला मैत्रिणीने घटनेचा 196 वा अनुच्छेद काढून दाखवला. अधिवेशन संपल्याने विधेयक मरत नाही. पण विधानसभा विसर्जित झाली की विधानसभेत पडून असलेलं विधेयक जातं. परिषदेत पडून असलेलं आणि विधानसभेने अजून पास न केलेलं विधेयक मात्र टिकतं. अशासकीय विधेयकाची चर्चा कधी लागेल याचा नेम नसतो, त्यामुळे हे फार महत्त्वाचं आहे.

परिषदेच्या ज्या सदस्यांनी आमचा मसुदा घेतला त्यांनी तो वाचला. म्हणजे खरंच वाचला, समासात पेन्सिलने प्रश्न लिहून परत पाठवला. पहिलाच प्रश्न, भरपाईचा पैसा कुठून? आम्ही एक खंड नुकसानभरपाईचा घातला होता. ते म्हणाले की राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च येणार असेल तर 207 व्या अनुच्छेदाप्रमाणे राज्यपालांची शिफारस आल्याशिवाय विधेयक पास करता येत नाही, शिवाय वित्तीय ज्ञापन जोडावं लागतं, म्हणजे अंदाजे किती खर्च येईल त्याचा आकडा. मुदतीचा खंड स्वच्छ ठेवा, भरपाईसाठी वेगळा अशासकीय ठराव देऊ. मला ते पटायला वेळ लागला, कारण ज्यांचं भात गेलंय त्यांना भरपाईच हवी असते, मुदतीचं कौतुक नसतं. गावात बसून समजावलं. शेवटी सगळ्यांनी ऐकलं.

सूचना गेली, छाननी झाली, सचिवालयाने भाषेतले दोन-चार शब्द बदलून घेतले, हे सगळं सुरळीत झालं. अशासकीय कामकाज शुक्रवारी असतं. त्या दिवशी आम्ही समाजमंदिरात मोबाइलवर लाइव्ह लावून बसलो होतो. सदस्यांनी मांडण्याची अनुमती मागितली, सभापतींनी होय-नाही विचारलं, अनुमती मिळाली, विधेयक मांडलं गेलं, पुढचं नाव पुकारलं. एवढंच. कुणाला चहाचा घोट घ्यायलाही वेळ मिळाला नाही, पण आमच्या गावातल्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला रडू आलं. आमच्या बाहेरकाठ्याची गोष्ट छापील विधेयकात आली होती, क्रमांकासहित.

चर्चा अजून लागलेली नाही. शुक्रवार कधी शासकीय कामात जातो, कधी गोंधळात, म्हणून प्रत्येक अधिवेशनात कामकाजाचा क्रम बघावा लागतो. चर्चा लागली की बहुतेक वेळा मंत्री आश्वासन देतात आणि विधेयक मागे घ्यायची विनंती करतात. आम्ही सदस्यांना आताच सांगून ठेवलंय की आश्वासनात तारीख आली तरच मागे घ्या, कारण सभागृहात दिलेल्या आश्वासनाचा पाठपुरावा आश्वासन समिती करते, आणि तारीख नसलेल्या आश्वासनाचा पाठपुरावा करणार तरी कसा. तोवर आम्ही प्रत्येक उधाणाला खांडीचे फोटो काढतोय, तारीख वेळ दिसेल असे, शेजारी माणूस उभा करून, म्हणजे रुंदी कळते. तुमच्याकडेही खाजगी बांध असतील तर असेच काढून ठेवा, भाषणाच्या वेळी सदस्यांना तेच लागणार आहेत. आणि आपला आमदार मंत्री झाला म्हणून पेढे वाटलेत ना, मग विधेयकासाठी दुसरा सदस्य शोधा, मंत्र्यांना अशासकीय विधेयक मांडता येत नाही.