छापायला गेलेली कादंबरी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि या वेळी पूर्ण सांगते. प्रुफं हातात आल्यावर मी कादंबरी परत का घेतली आणि तीच पुन्हा लिहिण्यात एवढी वर्षं का घालवली, हे प्रत्येक कार्यक्रमानंतर कुणीतरी विचारतंच. उत्तर बहुतेकांनी आधीच ठरवलेलं असतं. प्रकाशकाशी बिनसलं, घरच्यांनी हरकत घेतली, नाहीतर मी घाबरले. यातलं एकही खरं नाही.

शिवाय रशियन कादंबरीकार दस्तयेव्स्कीचा दाखला असतोच. त्यानं ‘जुगारी’ १८६६ साली २६ दिवसांत तोंडी सांगून लिहून घेतली. खरं आहे. पण प्रकाशकाला दिलेली मुदत चुकली असती तर पुढची नऊ वर्षं त्याचं लेखन त्या प्रकाशकाला फुकट छापता आलं असतं, हे कुणी सांगत नाही. आणि त्या कादंबरीत जुगारी स्वतःच बोलतो. बोलणारा सापडला की कादंबरी धावते. माझीही पहिल्या खेपेला धावलीच होती.

थोरली बहीण आणि तिच्या जिवावर वाढलेली भावंडं, हे कथानक तेव्हाही तेच होतं. सांगत होता धाकटा भाऊ. त्याचा आवाज मला फार आवडायचा: पाल्हाळिक, अपराधी, दर चार वाक्यांनी स्वतःची बाजू मांडणारा. प्रुफं वाचताना मी एरवी ऱ्हस्व-दीर्घ, गळलेले अनुस्वार, दोनदा आलेल्या ओळी एवढंच बघते. त्या दुपारी दोन प्रकरणांत बहिणीचं वय जुळेना, म्हणून ती जिथे जिथे येते तिथे पेन्सिलीनं खुणा करत गेले. मग फक्त खुणांच्या जागा सलग वाचल्या. ही बाई कादंबरीभर एकदाही एकटी नव्हती. ती दिसते तेव्हा कुणाला पाणी हवं असतं, कुणाची फी भरायची असते, कुणाच्या अंगात ताप असतो. ती उठून आत गेली की निवेदन तिच्यामागे जातच नाही, भावापाशी थांबतं. भाऊ त्याला दिसलं तेवढंच सांगणार ना.

तिला एक तरी प्रसंग द्यावा म्हणून प्रुफाच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. दुपार आहे, घरात कुणी नाही, ती काय करते? एक वाक्य सुचेना. जिच्यावर मी एवढी पानं लिहिली, ती एकटी असताना नुसती बसते की आडवी होते, स्वतःशी काही बोलते का, मला माहीत नव्हतं. अंधार पडेपर्यंत मी तिथेच बसून होते. मग प्रकाशकांना फोन केला. मुखपृष्ठ तयार होतं, कागद येऊन पडला होता. ते म्हणाले, “ताई, बाल्झाक तर प्रुफांवरच कादंबरी नव्यानं लिहायचा. तुम्हीही करा दुरुस्त्या, आम्ही थांबतो.” मनापासून म्हणाले. पण ज्याच्या तोंडून सगळं येत होतं तोच बदलायचा होता, तो प्रुफांवर कसा बदलणार?

तेव्हाची मी अजूनही माझ्याशी वाद घालते. म्हणते, अगं, हेच तर पुस्तक होतं! तिच्याकडे कुणी कधी पाहिलं नाही, हे भावाच्याच तोंडून यायला हवं होतं. वाचकानं ते बरोबर ओळखलं असतं. हा मुद्दा मला खोडता आलेला नाही. मी एवढंच म्हणते, की ठाऊक असून गाळलेली गोष्ट पानावर जाणवते. मला ती ठाऊकच नव्हती. शिवाय हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो!’ १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः लिहिली, ती नायिकेच्या, यमूच्या तोंडून. पुरुष असून. आधीची प्रकरणं वाचकांच्या हातात गेलेली, म्हणजे मागे फिरायचीही सोय नाही. आणि मी बाई असून बाईची गोष्ट भावाच्या हवाली केली होती. याचा मला संताप आला होता. केवळ कलेचा विचार करून निर्णय घेतला, असं म्हणणार नाही.

वर्षं लागली ती ‘मी’चं ‘तो’ करून भागत नाही म्हणून. भावाचं ‘असावं’, ‘मला वाटतं’ यावर निभून जायचं. त्याचं काही खोटं निघालं तर ते त्याचं होतं. नव्या खेपेच्या तृतीयपुरुषी निवेदनात, म्हणजे मीच बाहेरून सांगताना, ते माझं होतं. ती एकटी असताना काय करते, हे फार उशिरा कळलं. दार लावून घेते, धाकट्याची वही उघडते आणि त्याची गणितं पाठकोऱ्या कागदावर सोडवते. उत्तरं जुळली की कागद चुलीत घालते. ते पान लिहून झाल्यावर पुढचं अडलं नाही.

गेलंही बरंच. भावाचं ते स्वतःला समजावत राहणं नव्या कादंबरीत नाही. जुना खर्डा वाचलेली एक मैत्रीण अजून म्हणते, तीच बरी होती. तिचं म्हणणं मी हल्ली खोडून काढत नाही.

शेवटून दुसऱ्या प्रकरणात एक परिच्छेद मात्र भावाच्याच आवाजात राहिला आहे. सगळं तृतीयपुरुषी चाललेलं असताना मध्येच ‘मी’. संपादकांनी काढायला सांगितला होता, तो खटकतो अशी वाचकांची पत्रंही येतात. तिथे तो बसत नाही, हे मलाही दिसतं. पुढच्या आवृत्तीतही मी तो काढणार नाही.