मी तेव्हा किती वर्षांची असेन?

लेकीला औद्योगिक डिझाइन शिकायचंय. सहावीपासून ती खुर्च्या काढतेय. वहीच्या मागच्या पानांवर, जुन्या बिलांच्या पाठीवर, मिळेल तिथे. तीन पायांच्या, एका पायाच्या, एक तर बिनपायाची, भिंतीला टांगलेली. हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळाल्याचं कळलं तेव्हा घरात नुसता आरडाओरडा झाला. फीचं पान मी रात्री एकट्याने उघडलं.

दुसऱ्या एका कॉलेजनेही तिला घेतलंय. तिथे निम्मी फी माफ आहे, पण त्याचं नाव सांगितलं की लोक "कुठलं?" म्हणतात.

मी हिशेबाचा माणूस, नोकरीही लेखा विभागातली. तरी शैक्षणिक कर्जाच्या गणितात फसलो. शिकत असताना हप्ता नाही, एवढं ऐकून निर्धास्त झालो होतो. हप्ता नसला तरी व्याजाचं मीटर चालूच असतं. समजायला सोपे आकडे घेतो. कर्ज १०० चं, दर वर्षाच्या सुरुवातीला २५ उचलायचे, दर १० टक्के, आणि शिक्षण संपेपर्यंत सरळव्याजच धरू. चार वर्षं संपली की एकही हप्ता न भरता देणं १२५ झालेलं असतं. ते १० वर्षांत फेडलं तर एकूण साधारण १९८ जातात. हप्ता झेपत नाही म्हणून मुदत १५ वर्षं केली, तर हप्ता जेमतेम एक पंचमांशाने उतरतो आणि भरणा चढतो २४२ वर. शिकतानाचं व्याज ज्या त्या वर्षी भरत गेलो आणि मुदत १० वर्षांचीच ठेवली, तर ते धरून सगळं मिळून १८४ च्या आसपास. अर्ध्या रात्री हे मांडून मी दिवा बंद केला. झोप कसली येतेय!

आठवडाभर तिला काही दाखवलं नाही. आत्ता आनंदात आहे, असू दे, असं म्हणत राहिलो. शेवटी ही म्हणाली, "कर्जाच्या कागदावर तिचीही सही घेणार ना? मग तक्ता का लपवतोस?" याला उत्तर नव्हतं. (हिच्या बऱ्याच प्रश्नांना नसतं.)

लेकीने तक्ता नीट पाहिला. टक्केवारीबद्दल एक शब्द नाही.

"बाबा, शेवटचा हप्ता जाईल तेव्हा मी किती वर्षांची असेन?"

"बत्तीस."

"आणि पंधरा वर्षांची मुदत घेतली तर?"

"सदतीस."

माझं वय तिने विचारलं नाही, पण ओठ हलले. बेरीज केली असणार. सदुसष्ट. मी सहकर्जदार, तिचा हप्ता थकला की वसुली माझ्या दारात. आणि शिक्षण अर्धवट सुटलं, तरी कर्ज काही अर्धवट राहत नाही, उचललेलं पूर्ण फेडावं लागतं.

मग तिने जे केलं ते मला सुचलं नसतं. दोन्ही कॉलेजांतून शिकून गेलेल्या पाच जणांना तिने पत्रं लिहिली. पहिला पगार किती, कर्ज किती, असं थेट. तिघांनी उत्तर दिलं. महागड्या कॉलेजातल्या एकाने लिहिलं की कॉलेजचं नाव पहिल्या मुलाखतीपुरतं कामाला आलं, पण तिथल्या कार्यशाळेत मध्यरात्रीपर्यंत यंत्रं वापरता यायची, ते दिवस पुन्हा मिळाले नाहीत. हे वाचून मी गडबडलो. कार्यशाळेसाठी माझ्या तक्त्यात रकानाच नव्हता.

आम्ही एक मर्यादा ठरवलीय: एकूण कर्ज पहिल्या वर्षाच्या अपेक्षित पगारापेक्षा जास्त नको. अपेक्षित म्हणजे त्या पत्रांतला सगळ्यात कमी पगार, माहितीपत्रकावरचा नव्हे. या मापाने दुसरं कॉलेज आरामात बसतं. हवं ते बसत नाही. शिष्यवृत्तीचा फेरविचार करा, असा अर्ज तिने त्यांना धाडलाय. दुसऱ्या कॉलेजची फी माफी जोडलीय पुरावा म्हणून. फी भरायला अकरा दिवस उरलेत.

काल तक्ता उघडला तर शिकतानाच्या व्याजाची ओळ बदललेली. सगळं माझ्या नावाखाली होतं, ते आता अर्धं तिच्या नावाखाली आहे, शेजारी लिहिलंय "शिकवण्या, सुट्टीतलं काम". बेरीज अजून मर्यादेच्या वरच येते. मी ती ओळ तशीच ठेवलीय.